चाइल्ड प्रोसेस संपल्यावरही प्रोसेसर तापलेला का राहतो

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या ग्राफिकल प्रोग्रामने बाहेरची एखादी कमांड चालवली की प्रोसेसरचा वापर चढतो आणि ती कमांड संपल्यावरही उतरत नाही, असे तू लिहिले आहेस. यातला उत्तरार्ध वाचून माझा संशय चाइल्डवरून (चालवलेल्या कमांडच्या प्रोसेसवरून) थेट पॅरेंटवर (ती चालवणाऱ्या तुझ्या प्रोग्रामवर) गेला.

लिनक्सवर टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडून वापर कोणत्या पीआयडीवर (प्रोसेसच्या क्रमांकावर) आहे ते आधी पाहा. आकडा 100 टक्क्यांच्या आसपास स्थिर असेल, तर एक कोअर लूपमध्ये अडकला आहे. चार कोअरच्या यंत्रावर काही मॉनिटर तोच वापर 25 टक्के दाखवतात, म्हणून त्याला किरकोळ समजू नकोस. चाइल्डपुढे झॉम्बीचा (संपलेल्या, पण नोंद उरलेल्या प्रोसेसचा) झेड दिसला, तर पॅरेंटने वेट केलेले नाही, म्हणजे चाइल्ड कसा संपला ते विचारलेले नाही, एवढेच समज. झॉम्बी प्रोसेस टेबलातली नोंद अडवते, प्रोसेसर मुळीच खात नाही.

यानंतर पॅरेंटच्या पीआयडीवर एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, केलेले कॉल दाखवणारे साधन) लाव. पोल हा घटनेची वाट पाहणारा कॉल क्षणभरही न थांबता परतत असेल आणि दर वेळी पोलहप (पलीकडचे टोक बंद झाल्याची खूण) दाखवत असेल, तर चोर सापडला. चाइल्डचे आउटपुट वाचण्यासाठी तू पाइप (दोन प्रोसेसमधली डेटाची नळी) इव्हेंट लूपला (घटनांची वाट पाहून त्या हाताळणाऱ्या चक्राला) जोडला आहेस. चाइल्ड संपताच पाइपचे लिहिण्याचे टोक बंद होते, आणि वाचण्याचे टोक लूपमध्ये तसेच राहिले, तर कर्नल ते बंद झाल्याचे प्रत्येक फेरीत पुन्हा कळवतो. पोलहप मागितला नसला तरी तो येतोच. जीलिबमध्ये (असा इव्हेंट लूप पुरवणाऱ्या लायब्ररीत) यामुळे मोठी फसगत होते: वॉच (पाइपवरची नजर) लावताना केवळ जी-आयओ-इन (वाचायला डेटा आला) ही अट दिली असेल, तर तुझे कॉलबॅक फंक्शन (घटना घडल्यावर लूपने बोलवायचे फंक्शन) बोलावलेच जात नाही, त्यात घातलेला प्रिंट उमटत नाही, आणि लूप मात्र भिंगरीसारखा फिरत राहतो. म्हणून अटीत जी-आयओ-हपही (पलीकडचे टोक बंद झाले) घाल, आधी पाइपमध्ये उरलेला मजकूर वाचून घे, मग कॉलबॅकमधून फॉल्स परत करून वॉच काढ आणि चॅनेल (पाइपचे तुझ्याकडचे टोक) बंद कर.

एसट्रेसमध्ये पोलहपऐवजी वेटपिडचीच (चाइल्ड संपला का हे विचारणाऱ्या कॉलची) रांग दिसली, तर आयडल फंक्शनमधून (लूप रिकामा असताना पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फंक्शनमधून) चाइल्डची अखंड विचारपूस चालू असणार. तिथे चाइल्ड-वॉच (चाइल्ड संपल्यावर स्वतःहून कळवणारा वॉच) वापर; त्यासाठी स्पॉन करताना, म्हणजे चाइल्ड सुरू करताना, डू-नॉट-रीप-चाइल्ड हा फ्लॅग द्यावा लागतो. अशा ठिकाणी स्लीप घालून आकडा खाली आणण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही, कारण लूप तसाच राहतो आणि खिडकी मात्र अडखळू लागते.

वापर फक्त कमांड सुरू होण्याच्या क्षणी उसळत असेल, तर उघड्या फाइलींची मर्यादा तपास. ती अवाढव्य असल्यास, फोर्कनंतर (नवी प्रोसेस तयार झाल्यावर) एकेक डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) बंद करत जाणारा जुना कोड लाखो निरर्थक कॉल करतो. 2020 च्या लिनक्स 5.9 मध्ये आलेल्या क्लोज-रेंज या कॉलने ते काम एका कॉलमध्ये होते.

पुढच्या पत्रासोबत एसट्रेसच्या वीसेक ओळी आणि वॉच लावणारे फंक्शन पाठव.

तुझा स्नेही