‘घाटावरची’ म्हणून विकलेली गंजलेली मोटारसायकल, कुचकामी हेल्मेट आणि रखडलेले हस्तांतर यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

विषय: आपल्या रत्नागिरी शाखेतून मे महिन्यात घेतलेली वापरलेली १२५ सीसी मोटारसायकल व हेल्मेट.

महोदय,

आपल्या रत्नागिरी शाखेतून मी मे महिन्याच्या अखेरीस २०१८ सालची, एमएच-०९ नोंदणीची १२५ सीसी मोटारसायकल विकत घेतली. गाडीचे ४१,५०० रुपये, हेल्मेटचे ९५० रुपये आणि ‘आरटीओ व कागदपत्रे’ या नावाखाली ३,५०० रुपये, असे एकूण ४५,९५० रुपये मी आपल्या खात्यावर भरले असून पावती व बँकेच्या नोंदीची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. शाखेत तोंडी आणि फोनवर सांगून काहीही हलले नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

मी मालगुंडला राहतो आणि रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो. बोटी पहाटे लागतात आणि बर्फाची उचल त्याच वेळी असते, त्यामुळे पहिल्या एसटीने निघालो तरी मी कामाच्या वेळेला पोहोचत नाही. आजवर गावातल्या टेम्पोवाल्यांच्या सोयीने जात होतो. स्वतःची गाडी घ्यायची तर भिशीचे आणि हंगामातल्या जादा पाळीचे मिळून पन्नास हजारांच्या आतच सर्व बसवायचे होते, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आमचा पगार अर्ध्यावर येत असल्याने त्यानंतर दुरुस्तीला हात घालण्याइतके पैसे उरणार नव्हते. ही अडचण मी आपल्या विक्री प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगितली होती आणि त्यामुळेच गाडीबद्दल मोजके पण नेमके प्रश्न विचारले होते.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गाडी कुठे वापरली गेली हा होता. आपले कार्यालय समुद्रापासून दूर असल्यामुळे याचे महत्त्व कदाचित लक्षात येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. किनाऱ्यावर हवेतला खारा दमटपणा बारा महिने लोखंडाला चिकटून असतो आणि त्यावर चार महिने पावसाचे पाणी व रस्त्याचा लाल चिखल बसतो. चेसिस, मागचा चिमटा म्हणजे स्विंग आर्म, स्टँड आणि सायलेन्सर हे भाग नळीचे किंवा दुमडलेल्या पत्र्याचे असतात. त्यांच्या पोकळीत ओल शिरली की गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग फुगेपर्यंत दिसतही नाही. म्हणून आमच्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस किलोमीटर विचारण्याआधी गाडी किनाऱ्यावरची आहे की घाटावरची, हे विचारतो आणि घाटावरच्या गाडीला चार पैसे जास्त मोजतो. मीही मोजले. त्याच सालची, त्याच मॉडेलची, रत्नागिरीतच वापरलेली दुसरी गाडी मला पाच-सहा हजारांनी स्वस्त मिळत होती, ती सोडून मी आपली गाडी घेतली, कारण आपल्या प्रतिनिधीने मला व्हॉट्सॲपवर लिहून कळवले होते, “कोल्हापूरची गाडी आहे, घाटावरची, गंज शून्य, एक हाती.” या संदेशाची छापील प्रत सोबत आहे.

पावसाळ्याआधी गाडीला खालून ऑइल मारून घेण्याची आमच्याकडे रीत आहे. त्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी गावातल्या मेकॅनिककडे दिली. त्यांनी आधी डिझेलने चिमटा धुतला, तेव्हा उजव्या बाजूला, शॉकअपच्या खालच्या बोल्टाजवळचा काळा रंग सुटून आला आणि त्याखाली लांबी, म्हणजे भोके बुजवायची पुट्टी, भरलेली दिसली. पान्याने ठोकून पाहिल्यावर एरवी जसा खणखणीत आवाज यायला हवा तसा न येता बद्द आवाज आला. पेचकसाचे टोक नुसते टेकवून दाबताच ते आत गेले. लांबी काढल्यावर अंगठा जाईल एवढे भोक उघडे पडले असून त्याच्या कडा पापडासारख्या मोडतात. डाव्या बाजूला भोक नाही, मात्र तिथेही पत्रा फुगलेला आहे. याची छायाचित्रे व चित्रफीत मी शाखेला त्याच दिवशी पाठवली आणि मेकॅनिकचा लेखी अभिप्राय या पत्राला जोडला आहे.

मागचे चाक ज्या भागावर उभे असते, तो हा भाग आहे. मालगुंडहून गणपतीपुळे, आरे-वारे असा माझा रोजचा रस्ता समुद्राच्या कडेने चढत-उतरत जातो आणि त्या वळणांवर भरल्या गाडीचा चिमटा मोडला तर काय होईल, हे मी सांगायची गरज नाही. मेकॅनिकने गाडी चालवू नका असे स्पष्ट सांगितल्यामुळे ती तेव्हापासून उभी आहे. गंज आपोआप होतो हे मी समजू शकतो; परंतु भोकात लांबी आपोआप भरली जात नाही आणि तिच्यावर काळा रंगही आपोआप चढत नाही. हे काम आपल्या शाखेत झाले की गाडी आपल्याकडे येण्याआधी झाले, याचा तपास आपण करावा. मात्र ‘शंभराहून अधिक तपासण्या केलेली गाडी’ असा फलक ज्या दुकानात लावलेला आहे, त्या दुकानाला चिमट्यावरचा ताजा रंग खटकला नाही, यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते.

गाडी घाटावरची असल्याचे विधानही खरे नाही. सीटखालच्या कप्प्यात जुन्या कागदांबरोबर पीयूसीची दोन प्रमाणपत्रे सापडली; ती लागोपाठच्या काळातली असून दोन्ही मालवण तालुक्यातल्या केंद्रांनी दिलेली आहेत. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकल्यावर मालकाचा अनुक्रम तीन दिसतो. म्हणजे गाडी एक हाती नाही आणि तिचा निदान काही काळ तरी कोल्हापुरात न जाता मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात गेला आहे. नोंदणी कोल्हापूरची आहे, एवढाच त्या संदेशातला खरा भाग.

जुनी गाडी जुनीच असते, याची मला जाणीव आहे. चेन-स्प्रॉकेट झिजलेले होते, बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती, सीटचे कव्हर उसवलेले होते. हे सर्व मला दिसत होते, त्याचा हिशेब धरूनच मी भाव मान्य केला आणि त्याबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. इंजिन तर खरोखर चांगले आहे, धूर नाही, आवाज नाही. शाखा व्यवस्थापकांनी मात्र पावतीवर छापलेल्या ‘गाडी जशी आहे तशी’ आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या दोन ओळींकडे बोट दाखवून विषय संपवला. जशी आहे तशी घेण्यासाठी ती कशी आहे हे आधी दिसावे लागते. झाकून ठेवलेल्या दोषाला ती ओळ लागू होऊ शकत नाही. दुसऱ्या ओळीबद्दल सांगायचे तर, सदोष माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तो कायदा नव्या व जुन्या वस्तूंत असा भेद करत नाही.

आता हेल्मेटविषयी. माझ्याकडे हेल्मेट नव्हते आणि बाहेर चांगले घ्यायचे तर दीड हजाराच्या पुढे जावे लागत होते, म्हणून आपल्या काउंटरवर ‘नवे, आयएसआय’ असे सांगून दाखवलेले ९५० रुपयांचे घेतले. घरी आल्यावर आतले कापड बाजूला करून पाहिले, तर कपाळापासून टाळूपर्यंत थर्मोकोलचा थरच नाही, नुसता स्पंज आहे. धक्का बसल्यावर चिरडून जाऊन डोक्यावरचा आघात कमी करण्याचे काम तो थर्मोकोलच करतो. वरचे कवच मुख्यतः आघात पसरवते आणि स्पंज फक्त मापाला बसण्यासाठी असतो. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक असून १ जून २०२१ पासून त्याची खूण नसलेले हेल्मेट देशात विकताच येत नाही. या हेल्मेटवर मानकाचा क्रमांक नाही. आयएसआयचे चिकटपट्टीवर छापलेले चिन्ह आहे आणि त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकल्यास अशी कोणतीही नोंद सापडत नाही.

हे शाखेत दाखवल्यावर मला मिळालेले उत्तर जसेच्या तसे देतो: “पोलिसांना दाखवण्यापुरतं पुरेसं आहे, याच्यात काय एवढं?” हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र, ही मोटार वाहन कायद्यातली तरतूद मलाही माहीत आहे, पण दंड वाचवण्यासाठी मला हेल्मेट घ्यायचे असते तर ते मी रस्त्याच्या कडेला दोन-अडीचशे रुपयांत घेतले असते. आपल्याकडे जुनी गाडी घ्यायला येणारे बहुतेक जण माझ्यासारखेच पहिली गाडी घेणारे आणि पैसे मोजून आणणारे असतात, त्यामुळे आपल्या काउंटरवर मिळते तेच हेल्मेट त्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहते. म्हणून या प्रकाराला मी चिमट्याच्या खालोखाल नव्हे, तर त्याच्या बरोबरीने गंभीर मानतो. माझे पैसे परत मिळण्याइतकेच, तो साठा काउंटरवरून उतरवला जाणेही आवश्यक आहे.

तिसरा मुद्दा कागदपत्रांचा आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर अजून आधीच्या मालकाचे नाव व वित्तपुरवठा करणाऱ्या कंपनीचा बोजा आहे. बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि त्या कंपनीचा ना हरकत दाखला, तर मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात; त्यांपैकी एकही कागद मला दिलेला नाही, आणि दर वेळी ‘एजंटकडे आहे, होऊन जाईल’ असे सांगितले जाते. गाडी घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत हस्तांतराची सूचना द्यावी असे कायदा सांगतो, तेव्हा आपल्या एजंटच्या दिरंगाईमुळे नियमभंग माझ्या नावावर पडतो. त्यातच ३,५०० रुपये कशाचे घेतले हेही कळत नाही, कारण मोटारसायकलच्या नोंदणीचे सरकारी शुल्क ३०० रुपये आणि हस्तांतराचे त्याच्या निम्मे आहे. कार्ड, टपाल आणि एजंटची मेहनत धरली तरी उरलेल्या रकमेचा तपशील व पावत्या मिळाव्यात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. आपल्या रत्नागिरी शाखेच्या प्राधिकारपत्राची प्रत मला पाठवावी. ते असेल तर आपल्या ताब्यातल्या गाडीचे कागद पुढे नेण्याचा अधिकार आपल्यालाच आहे आणि एजंटकडे बोट दाखवण्याचे कारण उरत नाही.

माझी मागणी अवाजवी नाही. प्रथम आपल्या खर्चाने ही गाडी त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेऊन मुख्य चेसिसची तपासणी करावी आणि तिचा लेखी अहवाल मला द्यावा. चेसिस शाबूत निघाल्यास नवा मूळ चिमटा बुशसह बसवून द्यावा, आणि ‘घाटावरची, एक हाती’ या सांगण्यापोटी मी जास्त मोजलेल्या रकमेपैकी पाच हजार रुपये परत करावेत. इंजिन चांगले असल्यामुळे हा मार्ग मला मान्य आहे. चेसिसमध्येही गंज निघाल्यास मात्र दुरुस्ती नको, गाडी परत घेऊन कागदपत्रांच्या खर्चासह सर्व रक्कम परत करावी. हेल्मेटचे ९५० रुपये दोन्ही परिस्थितींत परत हवेत. बदली हेल्मेट मला आपल्याकडून नको आहे.

मासेमारी १ ऑगस्टला पुन्हा सुरू होईल आणि त्या दिवसापासून मला पहाटे बंदरावर हजर राहावे लागेल, म्हणून ही पूर्तता जुलै संपण्यापूर्वी व्हावी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे त्यासाठी मला पुण्याला यावे लागणार नाही. हेल्मेटबाबतची वेगळी तक्रार भारतीय मानक ब्युरोकडे पाठवण्याची तयारीही मी केली आहे.

गाडी मालगुंडला मेकॅनिकच्या पडवीत झाकून ठेवली आहे. ती स्वतःच्या चाकांवर चालवत नेण्यास माझी परवानगी नाही; टेम्पो पाठवावा आणि आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे मी किल्ली घेऊन तिथे हजर राहीन. काढलेली लांबी व रंगाचे पापुद्रे एका पिशवीत जपून ठेवले आहेत. ते तपासणीच्या वेळी दाखवले जातील, पण ताब्यात दिले जाणार नाहीत.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
मालगुंड, ता. जि. रत्नागिरी