घर नाकारण्याचा अधिकार सोसायट्यांना नको

मा. संपादक,

सप्टेंबर 2023मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा शहरभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. परंतु मराठी सभासदांचे बहुमत असलेल्या सोसायट्यांतही मुस्लिम किंवा दलित कुटुंबांच्या वाट्याला अनेकदा हेच येते आणि त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

एका मुस्लिम सहकाऱ्यासाठी भाड्याचे घर शोधताना मी सोबत होतो. दलालाने बजेटच्या आधी आडनाव विचारले आणि सकाळपर्यंत रिकामी असलेली सदनिका संध्याकाळी 'मालकाच्या भाच्याला दिली' असे सांगण्यात आले. दुसरीकडे मालक राजी होते, पण सोसायटीची कमिटी एनओसी (ना हरकत पत्र) देणार नाही म्हणून त्यांनीच हात जोडले. वास्तविक आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, सभासदाला घर भाड्याने देण्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही, कळवले की पुरते; तरीही त्या कागदाचा धाक एवढा, की कोणी उलट विचारत नाही. ठाण्याजवळच्या मुंब्र्याची मुस्लिम वस्ती 1992-93च्या दंगलींनंतर भीतीपोटी वाढली. आज तिथे राहायला जाणाऱ्यांत अशा नकारांना कंटाळलेले, चांगल्या पगाराचे लोकही आहेत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 15(2)ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते येथे धर्म वा जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली, मात्र त्या यादीत घर नाही. एप्रिल 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते राखणारा उपविधी वैध ठरवला, तोही कायद्यात तशी मनाई नाही म्हणून. तेव्हा ही मनाई आणणे विधिमंडळाच्याच हाती आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. धर्म, जात, भाषा किंवा आहार या कारणांवरून सभासदाला अथवा भाडेकरूला घर नाकारता येणार नाही, असे कलम त्यातच घालावे आणि ते मोडणाऱ्या कमिटीवर निबंधकांनी कारवाई करावी. धर्मादाय ट्रस्टच्या जुन्या वसाहतींचा प्रश्न वेगळा आहे. माझे म्हणणे खुल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या इमारतींपुरते आहे.

शाकाहारी शेजाऱ्यांच्या भावनांचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. स्वतःच्या स्वयंपाकघरात काय शिजवावे हे ठरवण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, पण तो त्यांच्या उंबरठ्याशी संपतो. मुलुंडच्या घटनेनंतर ज्या पक्षांनी आवाज उठवला, त्यांच्या आमदारांनी हे कलम येत्या अधिवेशनात मांडावे.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई