कठड्यावरचा हात बाजूला घेणाऱ्या अथेन्सच्या आजोबांस

आजोबा,

मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, तरी पत्र तुम्हालाच. 25 मार्चच्या, म्हणजे ग्रीसच्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाला सिन्ताग्मा चौकात कागदी झेंडा घेऊन उभे होतात, ते तुम्ही.

आधी पैसे घेऊन वाट दाखवणाऱ्यांचं सांगते, म्हणजे तुमचं मोल कळेल. त्यांच्या छापील कागदावर होतं: मेट्रोने सिन्ताग्माला उतरा, संचलन बघा, मग अक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन मंदिरं. आता, त्या सकाळी पोलिसांच्या आदेशाने सिन्ताग्मा स्टेशनच बंद असतं. गाडी न थांबता पुढे जाते. उतरायचं मोनास्तिराकीला आणि एर्मू रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं सरळ चालायचं. अक्रोपोलिस तर 25 मार्चला बंदच. उघडं असतं ते पायथ्याचं संग्रहालय, तेही त्या दिवशी फुकट. वर कागदाच्या तळाला फुशारकी, की 28 ऑक्टोबरलाही, म्हणजे तुमच्या दुसऱ्या राष्ट्रीय दिवशीही अथेन्समध्ये हेच बघायला मिळेल! त्या दिवसाचं लष्करी संचलन थेसालोनिकीत असतं, अथेन्सच्या वाट्याला शाळकरी मुलांचं. धंदा करता ना, मग एवढं तरी बघा.

स्टेशन बंद म्हणजे रस्त्याखालून पलीकडे जायची वाटही बंद, हे तर कोणीच सांगत नाही. कठडे लागले की ज्या बाजूला सापडलात ती तुमची बाजू. अनाम सैनिकाच्या स्मारकासमोरची जागा पाहुण्यांसाठी राखीव, तिथे घुटमळून उपयोग नाही. तुम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन रेघा ओढल्यात, आमालियास आणि पानेपिस्तिमिऊ हे दोन रस्ते, आणि त्या मिळतात त्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत. तिथेच का, ते पहिली तुकडी वळली तेव्हा कळलं. वळणावर आतल्या अंगाचा जवान जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरचा ढांगा लांबवतो, तरी रांग सरळ राहावी लागते. सरळ रस्त्यावर नुसते खांदे दिसतात, इथे चेहरे दिसतात.

पण आभार खरे त्याचेही नाहीत. आमची आई बुटकी. पुढे दोन रांगा, दिसत होत्या नुसत्या पाठी. तुम्ही मागे वळून पाहिलंत, कठड्यावरचा उजवा हात उचललात, अंग तिरकं केलंत आणि वीतभर फटीत तिला पुढे घेतलंत. बोलणं नाही, उपकाराचा आव नाही. मग संचलन संपेपर्यंत तसेच तिरके उभे राहिलात! एव्झोन, म्हणजे पारंपरिक वेशातले राष्ट्राध्यक्षांचे रक्षक, आले तेव्हा तिने 400 चुण्यांचा तो पांढरा घागरा हातभरावरून पाहिला. तुर्की अमलाच्या 400 वर्षांची एकेक चुणी, असं म्हणतात. एकेक बूट सुमारे 3 किलोचा, तळाला साठेक खिळे. रस्त्यावर आपटला की आधी छातीत जाणवतो, मग कानात. डोक्यावरून लढाऊ विमानं गेली तेव्हा सगळे वर बघत होते, आई मात्र बुटांकडेच.

अशी माणसं सगळीकडे असतात म्हणा, पंढरीच्या वाटेवरही भेटतात. गर्दीत आपली जागा धरून ठेवायची नसते, थोडी सोडायची असते, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि हो, बोटाने दाखवलेल्या खानावळीत तळलेला खारवलेला कॉड आणि स्कोर्दालिया, म्हणजे लसणाची दाट चटणी, खाल्ली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत 25 मार्चला चर्चचा सणही असतो, म्हणून त्या दिवशी मासा चालतो म्हणे. आईचं मत: लसूण अजून चालला असता.

तो छापील कागद तुमच्या दोन रेघांच्या फोटोसकट त्यांना परत पाठवला आहे. पुढच्या गटाला निदान मोनास्तिराकीला तरी उतरवतील.

तुमची,
त्या बुटक्या बाईंची लेक