बग ट्रॅकर ठरवायचा आहे, रविवारपर्यंत मत कळवा

सर्व सदस्यांना सूचना. आपल्या शुद्धलेखन तपासनिसासाठी कोणता बग ट्रॅकर (सॉफ्टवेअरमधले दोष, म्हणजे बग, नोंदवून त्यांचा पाठपुरावा करायची सोय) घ्यायचा, हे येत्या रविवारी रात्री ९ च्या ऑनलाइन बैठकीत ठरेल. त्याआधी गटावर मत लिहा. नुसता अंगठा नको, कारणही द्या.

पर्याय तीन: गिटहब, गिटलॅब किंवा स्वतःच्या सर्व्हरवर बगझिला. बगझिला १९९८ पासून आहे, भक्कम आहे, लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरचे बग आजही बगझिलावरच नोंदवले जातात. पण सर्व्हर, अपडेट, बॅकअप, स्पॅम हे सगळं बघणार कोण? स्वतः जबाबदारी घेणार असाल तरच बगझिलाचं नाव सुचवा. गिटहबवर ती कटकट नाही, मात्र ते स्वतः मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणीही पाहू, बदलू शकतो असं) नाही. काहींना हे खटकतं, आणि ते रास्तच आहे. तरी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाने २०२२ मध्ये जुना ट्रॅकर सोडून गिटहबच धरलं.

मत देण्याआधी प्रत्येक ठिकाणी एक चाचणी नोंद टाकून ‘दऱ्या’ शोधून पाहा. हा शब्द ‘ऱ’ वापरूनही टाइप होतो आणि ‘र’, हलन्त व झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच, साध्या शोधाला मात्र निराळे. एकाच बगच्या चार-चार नोंदी होतात त्या अशाच.

मुद्रितशोधकांपैकी कुणाला नवं खातं उघडायचं नसेल तर आत्ताच सांगा. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पात साध्या ईमेलने बग नोंदवता येतो. गिटलॅबच्या सर्व्हिस डेस्कमध्येही तशी सोय आहे.

सध्याची तक्रारींची शीट शनिवारपासून फक्त वाचण्यापुरती राहील. आपापल्या नोंदींत आवृत्ती क्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी भरून ठेवा.

– समन्वयक