पटावरची १७ नावे: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सादर नमस्कार.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून मी निवृत्त झाले. आजही आठवड्यातून दोनदा मुलांना गोष्टी सांगायला तिथे जाते. पहिली ते चौथी मिळून पटावर १७ मुले आहेत. पट कमी, म्हणून शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन करावी, असे बोलणे पुन्हा कानावर येत आहे. तसे ठरण्याआधी ही १७ मुले कोण, ते ऐकून घ्यावे ही विनंती.

गावातल्या घरांची त्यांत पाचच. बाकीची कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत राबणाऱ्यांची, चिरेखाणीवर नाहीतर बांधकामावर जाणाऱ्यांची. घरी कोणी कन्नड बोलते, कोणी लमाणी, कोणी ओडिया. पटांगणात खेळता खेळता दोन-तीन महिन्यांत कोकणी तोंडात बसते. वर्गात पुस्तक मराठी, जोडीला इंग्रजी. गेल्या पावसात आलेली एक मुलगी महिनाभर तोंडातून शब्द काढत नव्हती. आता तीच नव्या मुलाला ‘बाईंनी काय सांगितलं’ ते लमाणीत समजावते. हे काम करायला त्या वर्गात मोठे माणूस कोणीच नाही, कारण चारही वर्ग एकच बाई सांभाळतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. दुसरी जागा भरा, हे माझे पहिले मागणे.

गावची मुले कुठे गेली, हे आपण जाणताच. १९९० च्या धोरणाने प्राथमिकचे अनुदान प्रादेशिक भाषांतल्या शाळांपुरते ठेवले होते, २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. शिवाय अनुदानित शाळांना मुलांची ने-आण करायला ‘बालरथ’ बस मिळाल्या. दारात बस येते म्हटल्यावर आईबापांनी मूल तिकडे घातले, तर त्यांना मी बोल लावणार नाही. पण ज्यांना ती निवड करताच येत नाही, त्यांच्यासाठी वाड्यावरची ही शाळा उरली आहे. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव शाळा उघडल्या, तेव्हाही पाटी पहिल्यांदाच हातात धरणाऱ्या घरांतली मुले त्यांत आली होती. आज घरे वेगळी, गरज तीच.

विलीनीकरणाचा हिशेब कागदावर बरोबर दिसेल. मला मात्र खाणीवरची आई दिसते. ती पहाटे कामावर निघते, मोठी बहीण धाकट्याला बोटाला धरून शाळेत आणते, दुपारी माध्यान्ह आहाराची पावभाजी खाऊन दोघे चालत परत जातात. शाळा चार किलोमीटर लांब गेली तर ही दोघे कुठेच जाणार नाहीत, आणि त्यांची नावे गळाली हे विचारायलाही कोणी येणार नाही.

म्हणून दुसरे मागणे. विलीनीकरणासाठी भागशिक्षणाधिकारी जो तक्ता भरतील, त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक रकाना ठेवा: शाळा हलवली तर याला रोज कोण पोचवणार? तो रकाना भरल्याशिवाय त्या कागदावर सही करू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सत्तरी