पोलीस पाटलावरच आरोप असेल तर म्हातारीनं जायचं कुणाकडे?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण अशी बातमी आली की लोक दोन दिवस हळहळतात, आदिवासी भाग आहे, शिक्षण नाही, असं म्हणतात आणि पान उलटतात. मी मेळघाटात नर्स म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे, आणि मला हे शिक्षण नाही वालं उत्तर अजिबात पटत नाही. रेट्याखेड्याचंच घ्या ना. चिखलदरा तालुक्यातलं गाव, 30 डिसेंबर 2024 ची घटना, आजी 77 वर्षांची, मुलगा-सून कामाला बाहेरगावी. तिला बांधून मारलं, मिरचीची धुरी दिली, लघवी पाजली, चपलांचा हार घालून गावभर फिरवलं. आणि आरोप कुणावर, तर पोलीस पाटलावर! गावात गुन्हा झाला तर ठाण्यात कळवायचं काम ज्याचं, मानधन ज्याला सरकार देतं, तोच सगळ्यात पुढे होता म्हणे. त्याला काय शिक्षण कमी पडलं? मुलगा-सून परत आले तेव्हा कुठं जानेवारीत तक्रार झाली, आणि त्यातही जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम सुरुवातीला लावलंच नाही असं घरच्यांचं म्हणणं होतं.

दिवाळी झाली की इकडची गावं निम्मी रिकामी होतात, पोरं मजुरीला जातात, मागे म्हातारी माणसं उरतात. चेटकीण म्हणून नाव बरोबर अशाच बाईचं निघतं, एकटी, विधवा, थोडीफार शेती नावावर असलेली. चार दांडगे भाऊ पाठीशी असलेली बाई चेटकीण निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही. अर्थात घरची माणसं असली म्हणजे वाचतेच असंही नाही, गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात 1 मे 2024 ला एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारलं, 15 जणांना अटक झाली, त्यात त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होता. हे वाचून त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

आता नाव निघतं कसं ते सांगते. लेकरू आजारी पडतं, गाडी वेळेवर येत नाही, दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर होतो, लेकरू जातं. रजिस्टरमध्ये न्यूमोनिया लिहिलं जातं, पण त्या मायला खाली बसवून, बाई असं असं झालं, तुझी किंवा कुणाची चूक नाही, हे तिच्या भाषेत सांगायला तिथं कुणी नसतं. भुमका किंवा पडियार, म्हणजे गावातला मांत्रिक-वैदू, मात्र शांतपणे बसून ऐकून घेतो आणि उत्तर देतो, आणि कधी कधी त्या उत्तरात शेजारणीचं नाव असतं. सगळेच भुमका तसे नाहीत हो, काही तर स्वतः पेशंट घेऊन आमच्याकडे यायचे, तेही सांगितलं पाहिजे.

एक बाई आठवते, पायरीवरून पडली म्हणून आणलेली. दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ, डोक्यावरचे केस मधूनच कापलेले, आणि सोबत आलेले लोक तिला एक शब्द बोलू देईनात. कागदावर पडून जखमी एवढंच गेलं, आम्ही वळ दाखवूनसुद्धा. पायरीवरून पडल्यावर केस कापले जातात का हा प्रश्न ना डॉक्टरला पडला ना चौकीवाल्याला.

कायदा नाही असं नाही. डॉ. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला तेव्हा कुठं सरकार हललं, आधी अध्यादेश आणि मग डिसेंबरमध्ये कायदा. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, अजामीनपात्र, नुसतं कुणाला करणी करणारी ठरवून तिचं जगणं मुश्किल केलं तरी गुन्हा, मारायची वाट बघायची गरजच नाही. आणि तरी 2021 मध्ये, दाभोलकरांच्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात वणी खुर्दला भर चौकात दलित कुटुंबांतल्या सात जणांना भानामतीच्या संशयावरून बांधून मारलं, त्यात म्हाताऱ्या बायका होत्या. गाव बघत होतं आणि व्हिडिओ काढणारेही होते.

झारखंडच्या छुटनी महतोंचा 1995 मध्ये असाच छळ झाला, त्या घर सोडून गेल्या, नंतर स्वतःच अशा बायकांना आधार देऊ लागल्या आणि 2021 ला पद्मश्री मिळाली. कौतुक आहेच, पण प्रत्येकीनं छुटनीबाईंएवढं खंबीर असावं अशी अपेक्षा का? 77 वर्षांच्या आजीनं आता काय संस्था काढायची?

माझं म्हणणं एवढंच की एफआयआरमध्ये जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम पहिल्याच दिवशी लागलं पाहिजे, घटना लपवणाऱ्या पोलीस पाटलाची नोकरी गेली पाहिजे, आणि लेकरू किंवा माणूस गेलं की आशाताई किंवा डॉक्टरनं घरी जाऊन कारण समजावलंच पाहिजे, तेही कोरकूत, माडियात, ज्यांना जी कळते तीत.

आणि तुम्हालाही एक विनंती. रेट्याखेड्याच्या बातम्या तेव्हा आठवडाभर आल्या, नंतर बंद. ती आजी आता गावातच राहते की मुलासोबत बाहेर, शेजारी तिच्याशी बोलतात का, केस कुठवर आली, एखादा बातमीदार पाठवून हे छापा की साहेब.

आपली,
एक रिटायर नर्स, परतवाडा