देशी मासा असला तरी तो कुठल्याही नदीत सोडू नका

संपादक साहेब, स.न.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत घरच्या टँकमध्ये देशी मासे पाळण्यावर लेख आला होता. वाचून बरं वाटलं, कारण आपल्याकडे टँक म्हटलं की गोल्डफिश नाहीतर ऑस्कर, आपल्या ओढ्यातला मासा काचेत ठेवून बघावा असं फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. पण लेखात मरळ आणि महाशीर दोन्ही एकाच दमात "पाळायला हरकत नाही" म्हणून सांगून टाकलेत आणि शेवटी "मोठा झाला तर नदीत सोडून द्या" असंही लिहिलंय. त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो.

मरळ मी स्वतः पाळलीय. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात गावाकडे भाताच्या खाचरात लालसर पिल्लांचा घोळका दिसला, खाली आईबाप राखणीला होतेच, तरी पुतण्याने ओंजळीत दोन पिल्लं उचलली आणि मीही त्याला अडवलं नाही, ते चुकलंच. महिनाभरात दोनातलं एकच उरलं, दुसरं पहिल्याच्या पोटात गेलं. तीन फुटी टँक, सव्वाशे लिटर पाणी, आधी गांडुळं मग कोळंबीचे तुकडे, आणि दीड वर्षात ती फुटाच्या वर गेली. टँकमधले सगळे गुरामी तिने एकेक करून संपवले, तोंडात मावेल ते तिचं खाणं. एकदा पहाटे धप्पकन आवाज आला म्हणून उठलो तर झाकण बाजूला आणि ही सोफ्याखाली धुळीत माखलेली, पण जिवंत, कारण मरळ वरची हवा घेते. म्हणूनच तिच्या टँकला जड झाकण लागतं आणि पाणी काठोकाठ भरायचं नसतं, चार बोटं जागा सोडावीच लागते, वर येऊन हवा घेता आली नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. एवढं सांभाळलं, एकटीच ठेवली आणि टँक मोठा घेतला तर मरळ घरात राहते. माणूसही ओळखते, मी समोर गेलो की काचेपाशी यायची.

महाशीरचं मात्र तसं नाही हो. गळाला लागला की दोर ताणून प्रवाहात पळणारा मासा तो, त्याला वाहतं, गार, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. माझ्या मित्राने दुकानातून बोटाएवढे पाच महाशीर आणले, विकणाऱ्याने सांगितलं की मासा टँकच्या मापानेच वाढतो. हे साफ खोटंय. छोट्या टँकमध्ये मासा खुरटतो तो साचलेल्या घाणीने आणि अमोनियाने, त्याला टँक मानवला म्हणून नाही. ते पाचही दिवसभर काचेला नाक घासत फिरायचे, तोंडं सोलून निघाली, आणि मे महिन्यात दुपारी चार तास लाईट गेली, पंप बंद पडला, पाणी तापलं, संध्याकाळपर्यंत पाचही वर तरंगत होते. मित्र रडला अक्षरशः.

आता नदीत सोडण्याचं. चिलापी, आफ्रिकन मांगूर, सकर ह्या परदेशी माशांबद्दल आता लोकांना थोडंफार कळायला लागलंय, उजनीतले मच्छीमार जाळ्यात येणाऱ्या सकरला किती वैतागलेत ते सगळ्यांना माहितीय. पण देशी मासा सोडला तर काय बिघडतं असं चांगली शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात. आपला दख्खनचा महाशीरच घ्या, 1839 साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला शास्त्रीय नाव दिलं ते आपल्या मुळा-मुठेतला मासा बघून. पुढे लोणावळ्याला त्याची पैदास सुरू झाली, मासा वाचावा हाच चांगला हेतू, आणि इथली पिल्लं पार कावेरीत नेऊन सोडली गेली. तिथे आधीपासून कुबड असलेला, केशरी परांचा स्वतःचा महाशीर होता, तो झपाट्याने कमी झाला आणि आपला निळ्या परांचा मासा सगळीकडे दिसायला लागला. कावेरीतल्या त्या माशाची नीट शास्त्रीय ओळख पटली 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या काठावरच्या यादीत गेला. दोन्ही मासे देशीच होते ना! शिवाय दुकानातल्या माशांबरोबर राहिलेला मासा त्यांचे रोग अंगावर घेऊन नदीत जातो ते वेगळंच.

महाशीर बघायचाच असेल तर महाडजवळ वाळणकोंडीला जा, नाहीतर वाड्याजवळ तिळसेला वैतरणेच्या डोहात, देवाचे मासे म्हणून तिथे कुणी हात लावत नाही, काठावर उभं राहिलं की पायापाशी येतात. मुलांना तिथे न्या, मी नेलंय.

माझी मरळ टँकमध्ये मावेना तेव्हा मी तिला शेतावरच्या सिमेंटच्या हौदात हलवली, वर जाळी टाकून. मला शेत आहे म्हणून जमलं, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करायचं? तो रात्री बादली घेऊन पुलावरच जाणार. म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला माझी विनंती आहे की जिल्ह्यात निदान एक तरी जागा अशी ठेवा जिथे घरातला मोठा झालेला मासा आणून देता येईल, आणि दुकानदाराने पिल्लू विकताना तो मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो ते टँकवर मराठीत लिहावं. आणि संपादक साहेब, आपल्या लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती तेवढी येत्या रविवारच्या पुरवणीत छापा, पावसाळा तोंडावर आलाय आणि ओढ्यात पिल्लं धरायला पोरं निघतीलच.

– एक वाचक, भोर (जि. पुणे)